बेचिराख

"बेचिराख! त्यात 'राख' हाय का न्हाई? मग मावशे, अजून काय फोड करून सांगू तुला?"

कानिफनाथ हातवारे करून ओरडत होता. त्याची मावशी गोजरबाई दर्ग्याच्या पायरीवर बसली होती, काखेत कोंबडी दाबून.

"वरडू नको माज्यावर! पीठ तसंच परातीत ऱ्हायलं माजं. जळत्या चुलीत पानी वतून आले, तुज्या एका बोलन्यावर. सातवीतनं पळाला अन् आमाला शब्द शिकवतोय मुडदा!"

"मग बसायचं हुतं तितंच, जळायला!"

वाडीतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली. राहिलेली सगळी आता या टेकडीवर, दर्ग्याच्या भिंतीला चिकटून बसलेली. दिवस बुडाला होता.

दुपारी कानिफ तालुक्याला गेला होता, पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारायला. वाडीच्या विहिरीत आता नुसता गाळ राहिला होता. कचेरीत त्याला कुणी उभं करीना. चिडून बाहेर आला, खिडकीखाली टेकला, तेवढ्यात आतून साहेबाचा आवाज आला, "ती माळालगतची वाडी बेचिराख धरा. आज दिवेलागणीला जीप तिकडूनच जाणार आहे. जाता जाता उरकून टाकू."

उरकून टाकू! आणि बेचिराख! गेल्या साली लढाई चालू होती तेव्हा चावडीतल्या रेडिओवर हाच शब्द यायचा. बाँब पडले, गावंच्या गावं बेचिराख झाली. त्यात पलीकडच्या माळावर लष्कराचा तोफांचा सराव. धडाम् झालं की वाडीतल्या फळीवरची भांडी थरथरायची. त्यांना अजून माळ पाहिजे असेल तर? मधे वाडीच येत होती.

तो जो पळत सुटला, तो दारोदार बोंबलतच वाडीत शिरला. "चुली इझवा! दिवं लावू नका! दिवा दिसला की तितंच बाँब टाकत्यात!"

लोकांनी ऐकलं. भ्यालेल्या माणसाचं लोक लवकर ऐकतात.

आता दर्ग्याचा मुजावर चाँदभाई तेलाची बाटली घेऊन आला. रोजच्यासारखा कोनाड्यापुढं वाकला आणि त्यानं काडी ओढली. कानिफनं झडप घालून त्याचा हातच धरला.

"चाचा, चिराग लावू नका!"

चाँदभाईनं काडी फुंकली. "काय म्हनला?"

"चिराग लावू नका. खालून दिसंल."

"अन् सायेब काय म्हनला हुता? नीट सांग."

"बेचिराख."

"बे... चिराग," चाँदभाई म्हणाला. "आरं, बे म्हंजी बिगर. बेघर म्हनतो न्हाई का आपन? जितं चिराग लागत न्हाई ते गाव. मानूस न्हाई, म्हनून दिवा न्हाई. गाव जळालं तरी दिवा लावायला कोन उरतंय? म्हनून लढाईतबी त्योच शब्द. राख तुमी घातली त्यात."

मग गोजरबाईच्या काखेतून कोंबडी सुटली आणि बाई खो खो हसत सुटली. "म्हंजी जाळीत न्हाईत! आन् म्या चुलीत घागर वतली, एवढ्या पान्याच्या टंचाईत!" पोरं हसली. कुणी कानिफच्या पाठीत धपका घातला.

कानिफ हसला नाही. तो खाली बघत होता. वाडीत एक दिवा नव्हता. एका छपरातून धूर नव्हता. त्यानं स्वतः दारोदार फिरून विझवलं होतं सगळं.

आणि लांब रस्त्यावर दोन दिवे हलत होते.

"मावशे," तो म्हणाला, "सायेब बघाया येतोय. वाडीत मानूस हाय का न्हाई ते. दिवा न्हाई दिसला तर कागदावर बेचिराखच लागली वाडी. मग टँकर कुनाला धाडत्यात?"

हसणं जिथल्या तिथं थांबलं.

"चाचा, कंदील द्या तुमचा. वाडीत दिवा दिसाया पायजे."

चाँदभाईनं कंदील पेटवून हातात दिला. तेवढ्यात माळावर धडाम् झालं. पायाखालचा दगड हलल्यासारखा झाला. गोजरबाईनं कानिफची बाही गच्च पकडली.

"आन् चाचा चुकला आसंल तर? तुजंच खरं आसलं तर? सगळ्या अंधारात तू एकटाच दिवा घिऊन..."

कानिफच्याही मनात तेच आलं होतं. खाली जीपचे दिवे ओढ्याच्या वळणावर आले होते.

"सोड मावशे. मला आत्ता निघाया पायजे."