खाणीच्या बाजूने

चारचौघांत बोलायचं म्हटलं की म्हातारीच्या घशाला कोरड पडायची. नवऱ्याला झापताना मात्र तिच्या तोंडाचा पट्टा चार शेतं ओलांडून ऐकू जायचा. त्यांच्या मळ्याला लागून खडीची खाण निघणार होती, आणि आज त्यावर गावासमोर सुनावणी होती. साहेबांनी दोनदा विचारलं, "आजी, तुमची काही हरकत?" घोकून आणलेलं सगळं विसरून ती नुसती पिशवीचा बंद पिळत राहिली.

तेवढ्यात शेजारून म्हातारा उठला आणि कान खाजवत म्हणाला, "होऊ द्या खाण. त्या जमिनीत तसंही काय पिकतंय?"

सगळा गाव त्याच्यावर खेकसला. म्हातारी तर ताडकन उठलीच. "काय पिकतंय? मग रोज गिळता ते काय आभाळातून पडतं? विहीर आटली, पिकावर धूळ बसली, की ताटात खडी वाढू का तुम्हाला?" त्यानंतर ती थांबेचना. साहेबांचा लिहून लिहून हात दुखला.

घरी जाताना ती म्हणाली, "खोटं बोलताना कान खाजवता तुम्ही. मला काय आज कळतंय?"

"मग एवढी भांडलीस कशाला?"

"गावासमोर नाक कापून घेतलंत माझ्यासाठी. ते वाया घालवू?"