वच्छलाबाईंची बिनधुराची चूल

हर्षलनं आईसाठी बिनधुराची चूल आणली, आणि पहिल्याच पेटवणीला घरात इतका धूर झाला की शेजारचे सहदेवकाका बादली घेऊन धावत आले आणि न दिसल्यामुळे त्यांनी ती फ्रिजवर ओतली. असं काही झालेलं नाही. तसं घरात सर्वानुमते ठरलं आहे. फ्रिज दुरुस्तीला गेलाय तो आपला सहज.

तर चूल. वडनेर भोलजीत वच्छलाबाईंच्या मांड्यांचं नाव होतं. मांडा म्हणजे पुरण भरून, दोन्ही हातांवर खेळवत चादरीसारखी पसरवलेली पोळी. ती तव्यावर मावत नाही. चुलीवर पालथं खापर ठेवून त्यावर टाकावी लागते. गॅसवर तेच खापर मधोमध करपतं आणि कडेला थंड राहतं. यंदा वच्छलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता धूर बंद. आखजी, म्हणजे पितरांना जेवू घालायची अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर होती. पितरांना मांडे वाढायचे तर बिनधुराची चूल हवी, नाहीतर खापर कायमचं माळ्यावर.

 वच्छलाबाई खापर धुऊनपुसून उशाशी घेऊन झोपू लागल्या.

ते पाहून हर्षल हादरला. त्यानं मोबाईलवर चुलींचे चौदा व्हिडिओ बघितले, एक वही केली आणि आईला घेऊन नांदुऱ्याला प्रेमानंद वेल्डरच्या दुकानी गेला. वहीत पत्र्याची जाडी होती, पाइपाची उंची होती. आईच्या पिशवीत खापर, पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, मोळी, कणकेचा गोळा आणि पुरणाचा डबा होता.

"मावशी, चूल घ्याले आल्या का पंगत घालाले?" प्रेमानंदनं विचारलं.

"पेटवल्याबिगर कशी समजन, बाप्पा? तू दरवाजा बनवतं तं उघडून पाह्यतं का नाई?"

"माय, मी लिहून आनलं ना सगळं," हर्षल म्हणाला.

"मंग तू वहीवर भाज पोया."

दुकानासमोर पाच चुली मांडलेल्या होत्या. वच्छलाबाईंनी काळा चष्मा नीट केला आणि पहिलीत पऱ्हाटी सरकवली. क्षणभर कान दिला. "हे घोरते," म्हणाल्या. दुसरीला "हावरी हाय, लाकडाचा फडशा पाडन" म्हणून सोडलं. तिसरीवर नुसता तळवा धरला आणि "मांगून पत्रा पातळ हाय" असं सांगितलं. प्रेमानंदनं मागून पत्रा मोजला. मग डोक्यावरचा वेल्डिंगचा चष्मा हातात घेऊन तो देवळात उभं राहावं तसा उभा राहिला.

चौथी चूल दोन गोदामांमधल्या बोळाच्या तोंडाशी होती. तीत जाळ पेटला आणि आवाजच आला नाही. धूर पाइपातून वर गेला असावा. दिसला मात्र कुणालाच नाही. जाळ खापराखाली मांजरासारखा आडवा झाला.

वच्छलाबाईंनी पुरण भरलेला गोळा हातावर घेतला. तो मनगटावर आला, मनगटावरून कोपरावर गेला, कोपरावरून परतला तेव्हा दुप्पट झालेला होता. आणखी दोन फेऱ्या, आणि दोन्ही हात त्याखाली दिसेनासे झाले. मग उजेडाकडे वळताच मांड्यापलीकडून प्रेमानंदची मिशी दिसली. पोळी कुठेही फाटली नव्हती.

हर्षलनं आयुष्यभर हे मांडे खाल्ले होते, बनताना कधी पाहिले नव्हते. लहानपणापासून तो धुराला कंटाळून अंगणात बसायचा, आणि मांडे ताटात आपोआप येतात अशी त्याची समजूत होती. मोटरसायकलवरचा एक माणूस थांबला. त्यानं गाडी बंद केली, मग चप्पल काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. हर्षलनं आईच्या चष्म्याआड वाकून पाहिलं. डोळे कोरडे होते. वही त्यानं बोळातल्या नालीत सोडून दिली.

"हेच," वच्छलाबाई म्हणाल्या.

चूल टेम्पोतून घरी आली, पेटली, आणि पुढे जे झालं ते झालेलं नाही. वच्छलाबाई डोळ्यांवर पदर धरून अंगणात आल्या. ओलं बोट वर करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"चुलीची चुकी नाई. तिथं बोळातून वारा येत होता. आपन वारा पसंत केला अन् लोखंड घेऊन आलो."

"मंग आखजीले तिथंच जाऊ ना, प्रेमानंदच्या दुकानी."

"तुह्या आज्याले वडनेराबाहेरची वाट माईत नाई. तो नांदुऱ्याले येईन का जेवाले?"

 पाइप उंच करून झाला, खिडकी फोडून झाली. आखजी तीन दिवसांवर आली आणि खापर पुन्हा उशाशी गेलं. तेव्हा हर्षलनं कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, नांदुरा.
विषय : वारा मिळणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, नांदुरा येथील दोन गोदामांमधील बोळात मुबलक वारा असून तो सध्या केवळ वेल्डिंगच्या ठिणग्या उडविण्याकामी खर्च होत आहे. तरी सदर वारा आखजीच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत मौजे वडनेर भोलजी येथे, अर्जदाराच्या आईच्या चुलीच्या तोंडापर्यंत, पश्चिमेकडून पोहोचता करण्यात यावा, ही नम्र विनंती. वाऱ्यासोबत कर्मचारी पाठविण्याची आवश्यकता नाही.