बुच्को कुणाचा?

नाव नाही मला काही, खोडरबर म्हणा. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण जगायला लागलो ते लोवोर्काच्या हातात.

समुद्रकाठच्या रियेका शहराच्या बंदरात तिची आई नेवेंका मासळी विकते. लोवोर्का चित्रं काढायची, आणि तिचा लहानपणापासूनचा मित्र दुयाम व्हिडिओ गेम बनवायचा. त्याच्या काकांच्या बेकरीवरच्या खोलीत दोघं काम करत. खालून बुरेक, म्हणजे सारण भरलेले तेलकट रोल, यायचे, आणि दुयामने तेलकट बोटांनी मला धरलं की भांडण ठरलेलं.

त्यांच्या गेममध्ये समुद्रातला एक प्राणी हवा होता, वाट चुकलेल्या होड्या घरी पोचवणारा.

"चांगला राक्षस काढ," दुयाम म्हणाला. "दातओठ खाणारा."

"पोरं घाबरून गेम बंद करतील. मग बस तूच दातओठ खात."

तिने काढला तो बुच्को. गुबगुबीत, लांब मानेचा, वल्ह्यांसारख्या पंजांचा, आणि आईसारखाच पुढचा एक दात वाकडा. नेवेंकाने चित्र पाहून विचारलं, "एवढी जाडी आहे का गं मी?" पण दिवसभर बाजारात सगळ्यांना सांगत होती.

दुयामला साधी मांजरही काढता यायची नाही. "मला शिकव ना," म्हणून तो मागे लागला.

"आधी मोठा बटाटा काढ. वर छोटा बटाटा. वाकड्या रेघेने दोन्ही जोड, झाली मान. आता डोळे. लांब लांब काढ रे, जवळ आले की लबाड दिसतो! आता पंजे, मग शेपूट. आणि शेवटी बटाटे खोडून टाक."

ते खोडणं माझं काम. मदतीच्या रेघा मी हलकेच पुसायचो आणि कागदावर बुच्को मोकळा पोहायला लागायचा. त्या घटकेला मी स्वतःला चित्रकारच समजायचो.

मग झाग्रेबच्या एका गेम कंपनीने चित्रं मागवली. नेमकं तेव्हाच नेवेंकाच्या हाताचं ऑपरेशन झालं आणि मासळीचा गाळा लोवोर्काच्या अंगावर पडला.

"तू आईकडे बघ, मी पाठवतो," दुयाम म्हणाला. तिने सगळा गठ्ठा त्याच्या हवाली केला.

ती गेल्यावर त्याने मला उचललं. एखादी रेघ राहिली असेल, असं मला वाटलं. त्याने मला चित्राच्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे तिचं नाव होतं. मी थबकलो, पण खोडरबराच्या थबकण्याला कोण विचारतो? एकेका कागदावरून त्याने मला घासघास घासलं. माझ्या चुऱ्यात तिचं नाव होतं. ते त्याने फुंकर मारून उडवलं.

"उत्तर आलं का रे?" ती विचारायची.

"नाही गं. असल्या कंपन्या फार वेळ लावतात."

खरं म्हणजे होकार केव्हाच आला होता. तिला कळलं ते भिंतीवरच्या जाहिरातीतून. बंदरावरच्या सभागृहात गेमची जत्रा होती. 'बुच्कोच्या जन्मदात्यासोबत चित्र काढा!' आणि खाली दुयामचा फोटो.

मंचावर त्याच्या टेबलावर मी होतो. "आधी मोठा बटाटा काढा," तो म्हणाला, आणि पोरं खिदळली. तिचेच शब्द, तिचाच हेल.

मागून नेवेंका ओरडली, "माझ्या घरी जेवून मोठा झालास ना रे मेल्या? तिचं नाव घे की!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दुयाम माइकमध्ये गोड हसला. "आमच्या शेजारच्या काकू आहेत. जरा तापट आहेत."

लोक हसले. लोवोर्का नाही हसली. कार्यक्रम संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"समजून घे ना," तो पुटपुटला. "कंपनीला एकच नाव हवं होतं."

"मग तुझं कशाला?"

तो घाईने कागद गोळा करू लागला. "पुढच्या गेममध्ये तुला काम देतो, शब्द देतो."

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचललं. किती दिवसांनी तो हात! आता घरी नेईल, असं वाटलं. तिने माझी काळवंडलेली कड पाहिली.

"ह्यानेच खोडलंस?"

तिने मला परत टेबलावर ठेवलं.

"राहू दे तुझ्याकडेच. तुला अजून लागेल."

आणि आईचा दंड धरून ती निघून गेली.

दुयामने दगा दिला तो तिला. पण तिलाही मी त्याचाच वाटलो, हे मला अजून सोसत नाही. आता मी झाग्रेबमध्ये त्याच्या खणात पडून आहे. तो संगणकाच्या पडद्यावर चित्रं काढतो, तिथे माझी गरज नाही.

तुमच्या टेबलावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला चुकलेल्या रेघा द्या, शाईचे डाग द्या, हवं तर झिजवून संपवा. कुणाच्या नावावर मात्र त्याला टेकवू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.