कुंकवाखालचा लाल दिवा

मी ऑइलचा दिवा बोलतोय. नाही ओळखलंत ना? वाटलंच मला. गाडीत स्टिअरिंगच्या मागे काटे असतात बघा, त्याच काचेच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढं लाल चित्र असतं. चहाच्या किटलीसारखी एक झारी आणि तिच्या तोटीला लोंबणारा एक थेंब. तो मी. इंजिनात ऑइलचा दाब कमी झाला की मी लागतो. माझं म्हणणं एवढंच असतं, की गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. आयुष्यात मला हे एकच वाक्य येतं आणि नेमकं तेच कोणी ऐकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही दहा-बारा भाऊ एकाच काचेखाली बसवले गेलो. शेजारी बॅटरीचा, पलीकडे हँडब्रेकचा, खाली सीटबेल्टचा. आमच्यातले पिवळे जरा सबुरीचे. त्यांचं म्हणणं, दोन-चार दिवसांत मिस्त्रीला दाखवा, घाई नाही. आम्ही लाल मात्र तापट. आम्हाला उद्या वगैरे कळत नाही.

परभणीच्या शोरूममधून पोखर्णीच्या किशनरावांनी आम्हाला घरी नेलं. पांढरी, कोरी गाडी. विकणारा पोरगेला माणूस बिचारा एकेका दिव्यावर बोट ठेवून सांगत होता, "काका, हा लाल लागला तर गाडी जागेवर बंद करायची." काका तेव्हा पुठ्ठ्याची हातभर लांब चावी घेऊन फोटोला उभे होते. ते म्हणाले, "फेटा पुरा आला का बगा फोटोत." माझी ओळख तिथंच संपली.

गाडीबरोबर माहितीचं पुस्तक आलं होतं. त्यात माझं चित्र आहे, नाव आहे, काय करावं तेही आहे. किशनरावांनी ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढलं नाही. खराब होईल म्हणून. त्यावर नरसिंहाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवली आणि कप्पा बंद केला.

माणूस वाईट नव्हता हो. भावकीत मान होता, शेती चांगली होती, अडल्यानडल्याला गाडी द्यायचे. फक्त कोणी काही सांगितलेलं त्यांना खपायचं नाही. सीटबेल्टचा दिवा टुंटुं वाजायचा, तर त्यांनी बाजारातून पट्ट्याशिवायचं नुसतं धातूचं टोक आणून खाचेत खोचलं. पट्टा तसाच लटकत राहिला आणि आमच्या भावाची वाचा गेली. चौथ्या वर्षी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. त्यावर त्यांनी पाहुण्यांना समजावून सांगितलं, "ते इंजिनाचं चित्र हाय. इंजिन चालू हाय असं दाखवायलंय." पाहुण्यांनी मान डोलावली. पिवळा त्या दिवसापासून कोणाशी बोलला नाही.

सर्व्हिसिंगचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "गाडी चालायलीय की. बिमार नसलेल्या मानसाला दवाखान्यात नेतेत का कुनी?"

यंदा दसऱ्याच्या आधी अंगणात गाडीखाली काळा डाग पडायला लागला. त्यांची मुलगी शिवकन्या रोज बघायची. शेतकीची पदवी घेतलेली, गाडी चालवायचं लायसन काढलेली, पण घरच्या गाडीची चावी काही हातात न आलेली पोरगी. ती म्हणाली, "बाबा, ऑइल गळायलंय."

"एसीचं पानी हाय ते."

"एसीचं पानी काळं असतंय का?"

"आपल्याकडं धूळ लय," असं म्हणून किशनराव चहा प्यायला आत गेले.

मग दसरा आला. चतुराबाई, म्हणजे शिवकन्येची आई, ताट घेऊन आल्या. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं. त्यांनी ओलं कुंकू कालवलं, बोनेटला लावलं, स्टिअरिंगला लावलं आणि मग काट्यांच्या काचेवर भक्तिभावाने पाच बोटं उमटवली. अंगठा नेमका माझ्यावर. किशनरावांनी घरादाराला बजावलं, "कुनी पुसायचं न्हाई. लक्ष्मी हाय ती."

लाल दिव्यावर लाल कुंकू. आता मी लागलो काय आणि न लागलो काय, सारखंच. आत बसून मी मनातल्या मनात लय शिव्या दिल्या. चतुराबाईंना नाही, माझ्या नशिबाला.

दसऱ्यानंतर शिवकन्येला सेलूला सरकारी नोकरीचा हुकूम आला. तीन वर्षं अभ्यास केला होता पोरीने. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. ती दुसऱ्याच दिवशी एसटीने निघाली होती. किशनराव आडवे आले. "दारात गाडी असताना यष्टीनं जातीस? मानसं काय म्हनतील?" मग चांगला दिवस बघायला पंचांग निघालं. पंचांगाने मुदतीचा शेवटचा दिवस काढला. त्या पुस्तकाच्या प्रत्येक ओळीवर त्यांचा विश्वास होता.

त्या दिवशी साडेदहाला आम्ही निघालो. पुढे बापलेक, मागे चतुराबाई आणि पेढ्यांचा डबा. परभणीपर्यंत ठीक चाललं. शहर सोडलं आणि एका वळणावर मी क्षणभर लुकलुकलो. ऑइल तळाला गेलं होतं. पुढच्या वळणावर पुन्हा लुकलुकलो. मग जो लागलो तो विझलोच नाही. कुंकवाच्या आत जळत होतो, ओरडत होतो. माझं ओरडणं म्हणजे नुसतं लाल असणं. ते तर कुंकूही होतं.

शिवकन्येने मान वाकडी करून बघितलं. "बाबा, त्या कुंकवाखाली लाइट लागलीय."

"ऊन पडलंय त्याच्यावर."

"तिथं ऊनच न्हाई. गाडी थांबवा, मी बघते."

"रुजू व्हायचंय का बघत बसायचंय?"

पोरीने पाण्याच्या बाटलीत ओढणीचं टोक बुडवलं, हात लांब केला आणि माझ्यावरचं कुंकू पुसून टाकलं. मागून चतुराबाई दचकल्या, "अगं, काय केलंस हे." मी मात्र सहा वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांसमोर होतो. लख्ख. किशनरावांनी मला सरळ बघितलं. मला वाटलं, आता तरी ब्रेक दाबतील. माझा जन्म ह्याच एका क्षणासाठी झाला होता.

"बगितलंस?" ते म्हणाले. "कुंकू पुसलं म्हनून लागली."

"बाबा, ऑइल संपलंय. इंजिन जाम होईल. आत्ता थांबलो तर ऑइल टाकून तासाभरात पोचतो."

"सेलूपतूर जाती. तिथं बगू."

त्यांनी उलट वेग वाढवला. पोहोचायची घाई होती ना. आधी आतून टकटक आवाज आला. किशनरावांनी गाणं मोठं केलं. मग गाडीचा जीव कमी व्हायला लागला, पाय दाबला तरी पळेना. शेवटी एक खडखडाट झाला आणि आम्ही मानवतच्या अलीकडे, बाभळीच्या सावलीला कायमचे उभे राहिलो. सव्वाबारा वाजले होते.

शिवकन्या कागदांची फाइल छातीशी धरून खाली उतरली. रडली नाही. मला तिचं फार वाईट वाटलं. ज्याला सगळं आधी कळलं होतं, त्याचंच नुकसान व्हायला निघालं होतं.

तेवढ्यात मागून कापसाचा टेम्पो आला. सेलूच्या जिनिंग मिलला चाललेला. चालक दत्तराव, पन्नाशीचा माणूस, खाली उतरला. त्याने बोनेट उघडलं, ऑइलची पट्टी उपसली. कोरडी. नुसता काळा मुलामा.

"मालक, ऑइलचा थेंब न्हाई. लाइट लागली न्हवती का?"

"न्हाई," किशनराव म्हणाले. "लाइटच खराब हाय हिची. फाल्टी."

मी ऐकत होतो. सहा वर्षं इमानाने नोकरी केली त्याचं हे प्रमाणपत्र.

"लागली होती," चतुराबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "मी बगितली. पोरगी सांगत होती, तवा तुमी गानं मोठं केलं. कुंकू मी लावलं, ते मपलं चुकलं. पर ऑइल बगू नका असं कुंकवानं न्हवतं सांगितलं."



"तुमच्या टेम्पोत कळतंय का ऑइल संपलेलं?" शिवकन्येने विचारलं.

"आमच्या टेम्पोत एक बी लाइट लागत न्हाई ताई," दत्तराव म्हणाला. "म्हनून रोज सकाळी पट्टी काढून बगतो. चला, बसा. चारच्या आत सोडतो."

दारात पांढरी गाडी असलेल्या घरची लेक कापसाच्या टेम्पोत बसून पहिल्या नोकरीला गेली. पावणेचारला तिचा फोन आला, रुजू झाले म्हणून. चतुराबाईंनी रस्त्यातच पेढ्यांचा डबा उघडला. पहिला पेढा त्यांनी नवऱ्याला दिला नाही, आम्हाला ओढून न्यायला आलेल्या माणसाला दिला.

महिना-दीड महिना गाडी परभणीला मिस्त्रीकडे होती. आता नवीन इंजिन आहे. शनिवार-रविवारी शिवकन्या घरी आली की चावी तिच्या हातात असते. ती चावी अर्धी फिरवते आणि थांबते. आम्ही सगळे दोन-तीन सेकंद लागतो, हजेरी देतो. इंजिन सुरू झालं की मी विझतो, मगच ती गाडी हलवते. गाडीचं ते पुस्तकही तिने पिशवीतून काढलंय. इतक्या साध्या गोष्टीने मला भरून येतं, काय सांगू.

आणि किशनराव? बदलले हो, अगदीच नाही असं नाही. आधी मिस्त्रीला म्हणत होते, "ती लाइट काढूनच टाका, उगं घोर लावती." चतुराबाईंनी नुसतं बघितलं, तेव्हा गप्प बसले. आता ते स्वतः गाडी काढतात तेव्हा चावी फिरवल्यावर मला बघतात. रोज बघतात. मी लागलो की डोळे मिटून, दोन्ही हात जोडून मला मनोभावे नमस्कार करतात. मी विझलो की कृपा झाली असं समजून निघतात.

बोनेट त्यांनी अजून एकदाही उघडलेलं नाही.

तर वाचकहो, तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊ असेल. पिवळा दिसला तर मिस्त्री गाठा, लाल दिसला तर थांबा. पूजा करा, माझी ना नाही. फक्त माझ्यापुढे हात जोडू नका. त्याच हातांनी ऑइलची पट्टी काढून बघा.