गोड पाण्याची विहीर

न्हाणीच्या दगडावर दात घासायच्या सात वस्तू होत्या: कडुनिंबाच्या दोन काड्या, बाभळीची एक, गोवरीची राख, विटेची पूड, मीठ-तेलाची वाटी आणि चांद्याहून आणलेली टूथपेस्ट, शेपटाकडून गुंडाळत तोंडापर्यंत आलेली. सगळ्या एकट्या धुरपताच्या. आईबाप आणि थोरला भाऊ एकेका काडीवर भागवत.

१९५६ साली गोंडपिपरीकडच्या विहिरींचं पाणी तपासायला मी फिरत होतो आणि लटारूभाऊंच्या शेतातल्या घरी उतरलो होतो. त्यांची ही मुलगी सतराची. बोलताना पदर ओठांवर धरायची. त्या सकाळी ती विटेच्या पुडीने घासत होती. थुंकी लाल होती.

"पोरगी घासतच नाई, साहेब," लटारूभाऊ म्हणाले. "मार्कंड्याच्या जत्रेत सोयऱ्याईनं पाह्यली. इचारलं, तमाखू खाते काय? मले मान खाली घालाव लागली."

"घासतो ना मी, बाबा," धुरपता पदराआडून म्हणाली.

"मंग पोचूचे काऊन पांढरे? काड्या तं एकाच झाडाच्या."

"इनं जेवढी वीट घासली," भाऊ पोचू म्हणाला, "तेवढ्यात एक खोली उभी झाली असती."

"तू गप," आई सुगंधाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पुनवेले परत येऊन राह्यले ते. डाग दिसले तं लग्नाले नाई म्हणतीन."

मी धुरपताला उजेडात दात दाखवायला सांगितलं. तिने आधी आईकडे पाहिलं. दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते, मधे खडूसारखे ठिपके. कीड नाही, कीटण नाही. मी तिला नखाने खरवडायला लावलं. काही निघालं नाही. रंग दाताच्या आत होता.

"पोचू लहानपणी कुठलं पाणी प्यायचा?"

"नाल्याचं," सुगंधाबाई म्हणाली. "धा वर्साचा होयेपर्यंत. मंग हे पोरगी झाली, अन् यायनं इहीर खोदली. एकट्यानं. म्हणे, माही पोरगी गढूळ पाणी नाई पेणार."

"असं गोड पाणी गावात नाई," लटारूभाऊ म्हणाले. "पिऊन पाहा."

मी त्यांना सांगितलं, की काही विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार असतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेला, की लहान मुलांचे दात हिरडीत तयार होतानाच डागाळतात. मग कितीही घासा, डाग जात नाही.

लटारूभाऊंनी विहिरीकडे पाहिलं.

"म्हणजे हे रोज घासत होती?"

"हो."

त्यांना मुलीकडे पाहवेना. विटेच्या पुडीचं डबडं उचलून त्यांनी उकिरड्यावर पालथं केलं. मग स्वतः बादली सोडली, माझी बाटली भरली आणि बूच दाबून बसवलं.

"सोयऱ्याईले मीच सांगीन," ते बाटलीकडे पाहत म्हणाले. "पन आधी मोजून द्या."

मी नाल्याचीही एक बाटली भरली आणि दोन्ही नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. पुनवेच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. नाला: लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम. लटारूभाऊंची विहीर: ४.८.