चौथं विमान

विमानाचं दार आतून उघडायचं, तर जम्बोचा दांडा बाणाच्या दिशेनं फिरवावा लागतो आणि तीनशे तीस या विमानाचा सरळ वर उचलावा लागतो. धुरात विचार करायला कुणाला सवड नसते, हात सवयीनंच चालतात. म्हणून कंपनीचा नियम होता: हवाई सेविकांनी एका वेळी तीनच प्रकारच्या विमानांवर काम करायचं. चौथं हवं असेल तर आधीचं एक सोडायचं.

वहिनींकडे जम्बो, ट्रिपल सेव्हन आणि तीनशे तीस होती. घरात आणि विमानात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. तीनशे पन्नास हे नवं विमान येणार म्हणून फॉर्म आला, तो त्यांनी 'सोडायचं विमान: जम्बो' असं भरून नणंदेपुढे ठेवला. धाकटी नणंद त्याच कंपनीत ड्युट्या लावायची. कोणतं विमान कुठे जाणार, हे तिला सगळ्यांच्या आधी कळे.

"जम्बो सोडताय? डोकं फिरलंय का, वहिनी? लेकाच्या गावाला दुसरं काय जातं? नातू हवाय की नव्या विमानाची हौस?"

नातूच हवा होता. महिन्यातून एकदा, अठ्ठावीस तास. वहिनी विमानतळावरून गणवेशातच लेकाकडे जात. कपडे बदलायला वीस मिनिटं कोण घालवणार? त्यांनी अकरा तारखेला फॉर्मवर 'नको' लिहिलं. ती जागा नणंदेच्या मुलीला मिळाली. वहिनींनीच पुस्तक हातात धरून रोज भाचीची उजळणी घेतली.

पाच महिन्यांनी नोटीस लागली. जम्बो बंद, लेकाच्या गावाला यापुढे तीनशे पन्नास. सोबत निर्णयाची प्रत होती. तारीख फॉर्मच्याच महिन्यातली तीन, खाली 'मिळाली' म्हणून नणंदेची सही, तारीख तीच. वहिनींनी आकडे दोनदा वाचले. आठ दिवस आधी. नवं प्रशिक्षण दोन वर्षांची नोकरी शिल्लक असणाऱ्यांनाच होतं. त्यांची एक वर्ष सात महिने उरली होती. कर्मचाऱ्यांचं तिकीट वर्षातून एकच, तेही सीट रिकामी राहिली तर.

"तुला माहीत होतं."

"गुप्त होतं, वहिनी. कसं सांगणार? आणि मी आपलं विचारलं होतं. सही तुमचीच आहे ना?"

"आणि ती जागा?"

"पोरगी काय परकी आहे? तिच्या हातून पाठवा की हवं ते."

वहिनींनी लोकरीची टोपी विणून पाठवली.

भाची परतली ती हसतच. तिघी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

"मामी, गंमत सांगू? दार उघडल्याबरोबर पठ्ठ्या धावत आला आणि गणवेश बघून माझ्या पायांनाच मिठी! आजी, आजी! सोडेचना. म्हटलं, अरे, मी म्हातारी दिसते का?"

नणंद डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"टोपी बसली?" वहिनींनी विचारलं.

"नाही ना. कानांच्या वरच राहते. मोठा झालाय तो." भाचीनं टोपी पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

वहिनींनी काठावरची गाठ शोधली, नखानं सोडवली आणि धागा ओढायला सुरुवात केली.

"अहो, उसवताय कशाला?" नणंद म्हणाली. "असू द्या, दुसऱ्या कुणाला तरी होईल."

"दुसऱ्यांना पुष्कळ दिलं," वहिनी म्हणाल्या आणि ओढत राहिल्या.