तीन नंबरचा ऑप्टोकपलर

मी एक ऑप्टोकपलर बोलतोय. नाव जड वाटत असेल तर चंदर इलेक्ट्रिशियन म्हणतो तसं 'चारपायी झुरळ' म्हणा. त्याचा मला राग नाही. पण माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता. तो मी ऐकून घेणार नाही.

माझ्या काळ्या पोटात एका बाजूला कणभर दिवा आहे, समोर उजेड ओळखणारा डोळा. मध्ये पारदर्शक भिंत. इकडची वीज तिकडे जात नाही, जातो तो फक्त उजेड. दिवा लागला की डोळा उघडतो आणि त्याच्या बाजूची तार जोडली जाते.

आम्हा दहा भावांची पट्टी भिमाजींनी नाशकातून आणली. पिंपळगाव बसवंतला त्यांचं द्राक्षांचं चार खोल्यांचं कोल्ड स्टोरेज, घर नाशकातच, इंदिरानगरला. तिथल्या जेवणाच्या टेबलावर ते आम्हाला जोडत बसायचे आणि समोर त्यांच्या पत्नी, सुवर्णाताई, मेथी निवडायच्या.

"उजेडानं द्राक्षं थंड राहतात होय?"

"द्राक्षं नाही गं. कॉम्प्रेसरचा झटका तारेतून आला की सगळी यंत्रं जळतात. हा तो झटका अडवतो."

"आणि हाच जळला तर?"

"तर तेही तोच सांगेल."

ते खरं होतं. चारही खोल्यांवरून एकच तार माळेसारखी फिरून ऑफिसात येते. तिच्यातून सतत थोडा प्रवाह वाहतो. प्रत्येक खोलीबाहेरच्या डबीत आमच्यातला एकेक जण, मी तीन नंबरच्या. मला बोलायचं असलं की मी भराभर मिटतो, उघडतो, आणि त्या उघडझापेतून खोलीचं तापमान ऑफिसातल्या आकड्यांच्या पाटीवर उमटतं. बोलायचं नसलं तरी मला पेटलेलंच राहावं लागतं. तार तुटो, डबीची वीज जावो, नाहीतर मी मरो, प्रवाह थांबतो आणि पाटीशेजारचा लाल दिवा लागतो. मग भिमाजी तारेवर हात ठेवून एकेका खोलीपर्यंत चालत यायचे.

तीन वर्षांपूर्वी भिमाजी गेले. त्या दिवशीही मी दर मिनिटाला आकडा पाठवत होतो. बघायला कोणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी सुवर्णाताई आल्या. भिमाजींच्या खुर्चीत बसल्या नाहीत, शेजारचं स्टूल ओढलं. ओल्या फडक्यानं पाटी पुसली. तेव्हापासून रोज येतात. पण यंदा हंगामाच्या तोंडावर धाकट्या दिरांनी सुनावलं, "वहिनी, एक जरी खोली बिघडली, तर चाव्या हर्षलकडे द्यायच्या आणि तुम्ही घरी आराम करायचा." हर्षल या दिरांचा मुलगा, इथे माल भरण्या-उतरवण्याचं बघतो.

आणि नेमका यंदाच मी थकलो. सतत पेटून माझा दिवा मंदावला होता. मार्चमध्ये डबी तापली की माझ्या डोळ्याला उजेड पुरेना. मग प्रवाह तुटायचा, ऑफिसात लाल दिवा लागायचा. चंदर धावत यायचा आणि खोलीत सगळं ठीक असायचं.

"लय खोटारडं झालंय हे झुरळ," तो हर्षलला म्हणाला.

"मग कर ना काहीतरी. आज माल बघायला पार्टी येतेय. तो दिवा बघून काय म्हणतील?"

चंदरनं वीतभर तार सोलली आणि माझे दोन पाय बाहेरूनच जोडून टाकले. झालं. आता मी मिटलो काय, उघडलो काय, प्रवाह त्या तुकड्यातून वाहणारच. दिवा विझला. पाटीवर माझा शेवटचा आकडा तसाच राहिला : शून्य पूर्णांक आठ अंश, द्राक्षांना हवा तेवढाच.

तासाभरानं तीन नंबरच्या आतला पंखा बंद पडला. आत दिंडोरीच्या सावळीरामची द्राक्षं होती, अख्ख्या बागेची. तापमान चढू लागलं. मी ओरडत होतो. माझ्या तोंडाला तार बांधलेली होती.

सुवर्णाताई पाटीसमोर बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "हर्षल, तीन नंबरचं दार गेल्या दोन तासांत किती वेळा उघडलं?"

"आठ-दहा वेळा. का हो काकू?"

"आणि आकडा एकदाही हलला नाही?"

त्या उठल्या. तारेवर हात ठेवला आणि चालू लागल्या. एक नंबर, दोन नंबर. माझी डबी उघडली तेव्हा त्यांची बोटं त्या तुकड्यावर थांबली.

"चंदर, हे काय आहे?"

"ताई, ते… उगाच लागत होता दिवा. पाव्हणे येणार म्हणून…"

"हा घाबरवतो म्हणून याचं तोंड बांधलंस?"

तुकडा त्यांनी उपटला. ऑफिसात लाल दिवा लागला. त्यांनी दार उघडून आतला तापमापक पाहिला. चार अंश. पंखा थांबलेला. पुढचा अर्धा तास सगळे पळत होते, खरेदीदारसुद्धा. सगळे क्रेट दोन नंबरमध्ये गेले. द्राक्षं वाचली.

हर्षल हळूच म्हणाला, "काकू, पप्पांना कशाला सांगायचं? निभावलं ना."

त्यांनी त्याच्यासमोरच फोन लावला. "भाऊजी, तीन नंबर बिघडली होती. माल वाचला. सावळीरामला आता मीच सांगतेय… हो, तुमचं बोलणं आहे लक्षात. पण जी बाई स्वतःहून बिघाड सांगते, तिच्याकडून चाव्या घ्यायच्या असतील, तर इथे या आणि सगळ्यांसमोर मागा."

अजून कोणी आलेलं नाही.

माझ्या जागी आता पट्टीतला धाकटा भाऊ आहे. मला ताईंनी भिमाजींच्या टेबलाच्या खणात ठेवलं. हर्षल म्हणाला, "टाकून द्या ना, काकू. गेलाय तो."

"असू दे. जातोय हे त्यानंच आधी सांगितलं होतं."

मला दया नको. तुमच्याही घरात एखादा लाल दिवा वारंवार लागत असेल. तो विझवण्याआधी एकदा तारेवर हात ठेवून शेवटपर्यंत चालत जा. आणि पुन्हा कोणी मला खोटारडा म्हणालं, तर त्याला या खणाशी घेऊन या. माझे पाय वाकलेत, उजेड अर्धा उरलाय. तेवढा त्याच्या तोंडावर मारायला पुरेसा आहे.